एकदाच ऐकू येणारे वाक्य

“तू रेडिओवर असतेस म्हणे! मग आमच्यासाठी एखादं गाणं लाव की.” हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता त्यावर नुसते हसायची मला सवय झाली आहे. रेडिओवर काम करणारी व्यक्ती एक तर गाणी लावते, नाही तर बातम्या वाचते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मी या दोहोंपैकी काहीच करीत नाही. पुण्यातील एका लहानशा सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी मी कॉलेज सुटल्यावर आरोग्य, सांस्कृतिक घडामोडी आणि शहरातले रोजचे जीवन या तीन विषयांवर वृत्तांत तयार करते. हे काम कसे चालते, ते वर्तमानपत्राच्या कामाहून वेगळे का, आणि त्यात चूक झाली तर ती कोणाला भोवते, हे आपल्या वार्षिक अंकाच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती कंपनी फार काळ टिकली नाही. १९३० साली प्रसारणाचे काम सरकारने हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांवर घड्याळ लावणारी माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. २०२३ च्या जून महिन्यात पुण्याचा हा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा शहरातून असा विरोध झाला की तो थांबवावा लागला. रेडिओ आता कोण ऐकतो, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तरच होय.

आमचे केंद्र मात्र या मोठ्या घराण्यातले नव्हे. सामुदायिक रेडिओचा परवाना आधी केवळ शैक्षणिक संस्थांना मिळत असे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही तो मिळू लागला. या केंद्रांची प्रक्षेपणशक्ती साधारणतः शंभर वॅटपर्यंतच ठेवावी लागते. म्हणजे आमचा आवाज चार-दोन उपनगरांपलीकडे जात नाही. पण त्या चार-दोन उपनगरांत कोणत्या गल्लीला पाणी आले नाही, हे आम्हाला ठाऊक असते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. नियमाच्या भाषेत मी वार्ताहर नव्हेच! आपल्या देशात खासगी एफ. एम. केंद्रांना किंवा सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. परंतु त्याच नियमांत काही विषय ‘बातमी’त धरलेले नाहीत. वाहतूक, हवामान, सण-उत्सव व सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा व प्रवेश, वीज-पाण्याविषयीच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक प्रशासनाने दिलेले आरोग्यविषयक इशारे, हे ते विषय. थोडक्यात, जे बातमी नव्हे ते माझे काम. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मी हिरमुसले होते. पुढे लक्षात आले की, मंत्रिमंडळात कोण आले आणि कोण गेले यापेक्षा नळाला पाणी केव्हा येणार, ही गोष्ट घराघरात अधिक निकडीची असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. छापील मजकूर आणि रेडिओवरचा मजकूर यांत मोठा फरक हा की, ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. आपण हा लेख वाचताना एखादे वाक्य निसटले तर डोळे सहज दोन ओळी मागे जातात. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. शिवाय तो नुसता ऐकत बसलेला नसतो. तो रिक्षा चालवीत असतो, दुकानात वाणसामान मोजत असतो, कणीक मळत असतो. रेडिओ त्याच्या कामाच्या कडेकडेने चाललेला असतो. वाक्य एकदाच येते आणि जाते. कानात पडले तर पडले.

हा धडा मला पहिल्याच उन्हाळ्यात मिळाला. बारावीची परीक्षा देऊन मी केंद्रावर जाऊ लागले होते. तेथले कार्यक्रमप्रमुख नभोवाणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. जुलाब झालेल्या मुलांना घरच्या घरी जलसंजीवनी कशी करून द्यावी, यावर मला दोन मिनिटांचा मजकूर लिहायला सांगण्यात आला. मी लिहिले : “एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर व मीठ अनुक्रमे सहा सपाट चमचे व अर्धा सपाट चमचा या प्रमाणात मिसळावे.” माहिती अचूक होती, मला त्याचा अभिमानही होता.

काकांनी कागद हाती घेतला आणि केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशी हातातले काम न सोडता दारात उभ्या राहिल्या. काकांनी ते वाक्य एकदाच वाचले आणि विचारले, “काय काय घालायचं, सांगा बघू.” मावशी क्षणभर थांबून म्हणाल्या, “साखर न् मीठ. सहा चमचे... मीठ का हो?”

काका मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ‘अनुक्रमे’ या शब्दावर काट मारली. पुढे तो मजकूर असा झाला : “पाणी एक लिटर, उकळून गार केलेलं. त्यात साखर, सहा चमचे. चमचा चहाचा, सपाट भरलेला. मीठ फक्त अर्धा चमचा. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो.” वाक्ये तुटक झाली खरी. पण ज्या आईच्या मांडीवर मूल आहे तिला ‘अनुक्रमे’ म्हणजे काय याचा हिशेब करीत बसायला सवड नसते. “कागदावर बरोबर असणं निराळं आणि कानात बरोबर पोचणं निराळं,” असे काका नेहमी म्हणतात. त्याचा अर्थ त्या दिवशी मला कळला, असे मला वाटले होते. तो पुरता कळायला आणखी दीड वर्ष जायचे होते.

‘अनुक्रमे’प्रमाणेच ‘उपरोक्त’, ‘वरीलप्रमाणे’, ‘खालील’ हे शब्दही आमच्याकडे वर्ज्य आहेत. रेडिओला वर आणि खाली नसते. कंस नसतो. अवतरणचिन्ह नसते, त्यामुळे दुसऱ्याचे मत सांगताना ते कोणाचे, हे आधी सांगावे लागते. नाही तर ऐकणारा ते रेडिओचेच मत समजतो. आकडे सांगताना तर फारच जपावे लागते. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले की क्युसेकचे आकडे येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. हे समजावून सांगणे चांगले. पण नदीकाठी राहणाऱ्याला त्याआधी दुसरेच काही हवे असते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. अशा वेळी आधी सांगायचे ते हे की भिडे पुलावरून जाऊ नका, तळमजल्यावरच्यांनी वर जावे, गाड्या उंचावर न्याव्यात. क्युसेक मागाहून.

प्रत्यक्ष काम कसे चालते, तेही सांगते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता मुठीत मावते. त्यामुळे बाहेर जाणे सोपे झाले आहे. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका धरायचा. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ या अक्षरांचा वारा त्यावर आदळतो. मुलाखत संपल्यावर लगेच यंत्र बंद करायचे नाही. तीस सेकंद कोणीही न बोलता नुसता त्या जागेचा आवाज घ्यायचा. पंख्याची घरघर, दूरची वाहने, कुठे तरी भांड्याचा आवाज. संपादन करताना दोन वाक्यांमधली फट या आवाजाने भरतात. नाही तर मध्येच एकदम शांतता येते आणि कान दचकतो. मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचते. म्हणजे दोन मिनिटांच्या वृत्तांताला अडीचशे शब्द पुष्कळ झाले. तासभराच्या मुलाखतीतून एवढेच उरते. बाकीचे टाकताना जीव तुटतो, पण इलाज नसतो.

डॉक्टरांची मुलाखत घेणे हे सर्वांत अवघड काम. ते चुकीचे बोलायला भितात, म्हणून अवघड बोलतात. मी शेवटी एक प्रश्न हमखास विचारते : “हेच तुम्ही तुमच्या आजीला कसं सांगाल?” मग बहुतेक डॉक्टर हसतात आणि चांगले मराठी बोलू लागतात. रुग्णाचे नाव, पत्ता, ओळख पटेल अशी खूण आम्ही कधीही देत नाही. औषधाचे नाव व मात्रा तर मुळीच नाही. ते काम डॉक्टरांचे.

आरोग्य, संस्कृती आणि शहर हे तीन विषय वेगळे कशाला मोजायचे, असे मला वारीच्या दिवसांत नेहमी वाटते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. त्या दिवसांत कोणते रस्ते बंद, कोणत्या बसगाड्या वळवल्या, हे सांगायचे ते शहराचे काम. टाळांचा गजर आणि लयीत पडणारी पावले मुद्रित करायची ते संस्कृतीचे. आणि मंडपात बसून वारकऱ्यांचे फोड आलेले पाय धुऊन मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचे ते आरोग्याचे. एका वर्षी मी टाळांचा आवाज घेत असताना शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “पोरी, हे यंत्र पाणी कुठं मिळंल ते सांगतंय का?” त्या संध्याकाळी माझ्या वृत्तांतात गजराच्या आधी पाण्याच्या टँकरची ठिकाणे होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘जीबीएस’चे रुग्ण आढळू लागले. गुलेन-बारे सिंड्रोम हे त्याचे पूर्ण नाव. १९१६ साली ज्या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले, त्यांपैकी दोघांची ही नावे. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची संरक्षणयंत्रणा जंतूंवर धावून जाण्याऐवजी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडू लागतात, अशक्तपणा वर चढत जातो, आणि काहींना श्वास घेण्यासाठी यंत्राचा आधार द्यावा लागतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. पुण्यात काही जण दगावलेही. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जाणारा जिवाणू सापडला, आणि संशय पाण्यावर गेला.

लोक घाबरले होते. आजाराचे नाव परके, पाय एकाएकी लुळे पडतात ही वार्ता भयंकर, आणि करोनाच्या आठवणी ताज्या. रुग्णाच्या घराकडे लोक पाठ फिरवू लागले होते. म्हणून मी एका मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटले आणि सकाळी साडेआठच्या आमच्या कार्यक्रमासाठी मजकूर तयार केला. त्यात हे वाक्य होते : “रुग्णाच्या जवळ बसल्याने, त्याच्याशी बोलल्याने किंवा त्याच्या घरी गेल्याने हा आजार दुसऱ्याला होतो, असे समजण्याचे काहीच कारण नाही.”

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. माहितीही बरोबर आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याला गुणच मिळाले असते. त्या दिवशी काका रजेवर होते. मावशींना ऐकवायला मला वेळ झाला नाही, किंवा खरे सांगायचे तर आता त्याची गरज नाही असे मला वाटले.

चार दिवसांनी केंद्रावर एका बाईंचा दूरध्वनी आला. त्या चार घरी धुणीभांडी करीत. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा या आजाराने रुग्णालयात होता. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “ताई, तुम्हीच सांगितलंत ना, जवळ गेलं की होतो म्हणून? चारी घरच्यांनी कामाला येऊ नको म्हटलंय. एक वहिनी म्हणाल्या, रेडिओवर सांगितलं.”

मी प्रथम म्हणाले की, मी असे बोललेच नाही. मग मुद्रण काढून ऐकले. मी तसे बोलले नव्हते, हे खरेच होते. पण साडेआठला स्वयंपाकघरात काय चाललेले असते? कुकरची शिट्टी, नळाचे पाणी, मुलांच्या डब्यांची घाई. आपल्या मराठीत ‘नाही’ हा शब्द बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. जवळ बसल्याने, बोलल्याने, घरी गेल्याने हा आजार दुसऱ्याला होतो. एवढे कानात पडल्यावर कुकर वाजला, तर माझ्या वाक्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. भीती तर मनात आधीपासून होतीच. तिला हवे होते तेवढेच तिने ऐकले.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी त्यांच्या घरी गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. त्या घरी होत्या. अकरा वाजता, कामाच्या वेळी, त्या घरी सापडाव्यात, हेच मला पाहवेना. त्यांनी आम्हाला चहा केला. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “माफीचं राहू द्या ताई. तेवढं परत सांगाल का? नीट?”

नीट सांगणे सोपे नव्हते. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुरुस्ती छापता येते. रेडिओवर ज्याने चुकीचे ऐकले तो दुरुस्तीच्या वेळी ऐकत असेलच असे नाही. म्हणून आम्ही ठरवले की, आठ दिवस रोज, त्याच साडेआठच्या वेळेला आणि पुन्हा संध्याकाळी ती सांगायची. मजकूर लिहिताना ‘नाही’वर भिस्त ठेवायची नाही, काय करावे, ते आधी सांगायचे. शेवटी तो असा झाला : “जीबीएस झालेल्या माणसाला भेटायला जा. त्याच्याजवळ बसा. त्याच्या घरच्यांना कामावर येऊ द्या. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. पुन्हा सांगते, होत नाही. काळजी घ्यायची ती पाण्याची. पाणी उकळून प्या. अन्न नीट शिजवून खा.” आणि त्यापुढे : “हे मी मागे अशा रीतीने सांगितलं, की काहींना उलटं ऐकू गेलं. ती चूक माझी होती.”

हे शेवटचे वाक्य ठेवावे की नाही, यावर केंद्रात बरीच चर्चा झाली. आधीच लहान केंद्र. विश्वास उडाला तर उरणार काय, असे काहींचे म्हणणे पडले. काका म्हणाले, “ज्या वहिनींनी बाईला काढलं, त्यांना आपली चूक कबूल करायला जड जाईल. आपण आधी केली तर त्यांना सोपं पडेल.” वाक्य राहिले.

तीन घरांनी त्यांना परत बोलावले. चौथ्या घरी तोवर दुसरी बाई लागली होती. चुकलेल्या दिवसांचा पगार कोणी दिला नाही. मुलगा तीन आठवड्यांनी घरी आला. पुढे काही महिने काठी घेऊन चालत होता, आता काठीही सुटली आहे. माझ्या दुरुस्तीमुळे तीन घरे परत मिळाली, असे मी म्हणणार नाही. चौथे मात्र माझ्या वाक्यामुळे गेले, हे मला म्हणावे लागते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. भाषा हा आपला अभ्यासाचा विषय. लांब, तोललेले, शेवटच्या शब्दापर्यंत अर्थ राखून ठेवणारे वाक्य ही मराठी गद्याची एक शोभा आहे आणि ती मला आजही आवडते. हा लेख लिहितानाही तशी वाक्ये माझ्या हातून आली असतील. येथे ती चालतील, कारण आपल्यापुढे छापलेले पान आहे. पण ज्याला एकदाच ऐकायचे आहे, तेही हातातले काम न सोडता, त्याच्यासाठी लिहायचे तर वाक्याचा विचार त्याच्या कानापासून सुरू करावा लागतो.

आता मजकूर लिहून झाला की मी त्यातला प्रत्येक ‘नाही’ लाल शाईने अधोरेखित करते आणि त्यावाचून वाक्य होते का ते पाहते. मग केंद्रातल्या मोरीचा नळ सोडते, मावशींना बोलावते आणि एकदाच वाचते. मावशी हात पुसत ऐकतात आणि काय कळले ते सांगतात. कधी कधी कागद घेऊन मला पुन्हा टेबलाशी जावे लागते. पूर्वी त्याचा राग येई. आता येत नाही.